बिंबनगरीतला नमस्कार

एका राज्यात दोन भावंडे होती, राजपुत्र रणधवल आणि त्याची धाकटी बहीण हेमकला. रणधवल पित्याचा दूत होऊन काळ्या डोंगरापलीकडच्या बिंबनगरीत गेला, आणि तिथे त्याने केले काय, तर वृद्ध राणी कनकलेखेच्या पाया पडला. घरचे वळणच तसे. पण बिंबनगरीत पाय धरतात ते फक्त मेलेल्या माणसाचे. त्याच क्षणी राजपुत्राची शिळा झाली आणि राणी जिवंतपणी मेलेल्यांत जमा झाली. तिला कोणी हाक मारीना, तिच्याकडे कोणी पाहीना. शंभराव्या दिवशी सूर्य मावळला की राणीचे प्राण जाणार होते आणि शिळेचा चुरा होणार होता.

राजाने एकामागून एक तीन मंत्री धाडले. तिघांनीही तिथल्या लोकांना आपला नमस्कार किती थोर ते समजावले, आणि तिघेही हात हलवीत परत आले. मग हेमकला निघाली. पोहोचली ती शंभराव्या दिवशी, उन्हे कलताना.

वेशीवर एक मैना होती. परक्याच्या तीन प्रश्नांची उत्तरे ती देई, चौथ्याचे नाही. ती हेमकलेच्या खांद्यावर येऊन बसली.

राजवाड्याच्या दाराशी हेमकला वहाणा काढायला वाकली आणि थबकली. काढू का, असे तिने मैनेला विचारले. मैना म्हणाली, इथे अनवाणी चालतात ते कैदी. राजकन्या वहाणांसकट आत शिरली. शरमेने तिचे कान तापले. पुढे तिला जेवायला बसवले. ताट स्वच्छ करू का, असे तिने विचारले. रिकामे ताट म्हणजे यजमानाला चिक्कू म्हणणे, असे मैनेने सांगितले. अन्न टाकणे तिच्या जिवावर आले, पण तिने शेवटचा घास ताटात टाकला. तेव्हा कुठे पहारेकऱ्यांनी तिला राणीच्या महालात सोडले.

राणी भिंतीकडे तोंड करून बसली होती. शेजारी भावाची वाकलेली शिळा. हेमकलेने शेवटचा प्रश्न विचारला.

"जित्या माणसाला इथे मान कसा देतात?"

"आपले उष्टे देऊन," मैना म्हणाली. "राणीने ते नाकारले, तर तूही शिळा."

उष्टे, आणि तेही आजीच्या वयाच्या राणीला! हेमकलेने तबकातला पेरू उचलला, त्यात दात रोवले आणि तो राणीपुढे धरला. राणी हलली नाही. खिडकीतले ऊन विझत चालले. हेमकलेचे पाय गार पडले, मग गुडघे दगडासारखे जड झाले.

"राणीसाहेब, माझ्या भावाने तुम्हाला दुखावले. मी क्षमा मागते. त्याच्या मनात काय होते, ते मी सांगणार नाही."

राणी हळूहळू वळली. "तुमचे मंत्री तेवढेच सांगून गेले," ती म्हणाली, आणि तिने त्या पेरूचा घास घेतला.

हेमकलेच्या पायांत जीव आला. दाराशी दासींनी राणीला हाक मारली. शिळेला घाम फुटला, रणधवल ताठ उभा राहिला आणि पहिल्याच श्वासाला सांगू लागला, की आमच्याकडे तर याला मोठा मान समजतात.

"दादा, ते राहू दे," हेमकला म्हणाली. "आधी राणीसाहेबांची क्षमा माग. उभ्याने."

त्याने मागितली. दोन्ही राज्यांत पुन्हा येणेजाणे सुरू झाले, आणि आपली ही कहाणी इथे सुखाने विसावली.