काळा वीर आणि संकासूर

"…मग यंदा रामाचा काम माका कित्याक नाय, तात्या?"

कढीपत्ता मागायला गेले आणि गौरेशचा हा प्रश्न कानावर पडला. कढीपत्ता आमच्या परड्यातही आहे, पण ते असो.

तात्या मेस्त्री आमचे शेजारी, दशावतारातले जुने नट. गौरेश राऊळ त्यांचा लाडका चेला. देखणा, धारदार नाकाचा, आवाज खणखणीत. राम नेहमी तोच करायचा. यंदाच्या जत्रेला तात्यांनी त्याला संकासूर दिला होता. अंगभर काळे कपडे, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. वेद चोरणारा हा राक्षस नाटकाच्या सुरुवातीला येतो, पोरांना घाबरवतो, मोठ्यांना हसवतो आणि विष्णूच्या हातून मरतो.

"माझो चेहरोच झाकूचो होतो तर इतकी वर्सा शिकवलात कशाक?"

तात्या सुपारी कातरत राहिले.

"सकाळपासून त्या मोबाईलात काय बघतंस?"

गौरेश जरा लाजला. मग खुलला.

"सिरीज आसा. एक काळो वीर. मुखवटो घालून येता, गुंडांची हाडा मोडता. पण तो पण काय सरळ नाय हां! खोटा बोलता, चोरी करता, मित्राक पण फसवता."

"आणि तुका आवडता?"

"सगळ्यांका आवडता! शकू वयनी, तुमी पण बघतास ना?"

बघते कसली, सुनेबरोबर सगळे भाग बघून झालेत. परवा तर त्या नादात भात करपला. पण तात्यांसमोर म्हटलं, "छे, बाई! आवाज येतो आपला भिंतीपलीकडून."

"आवडण्यासारखा काय आसा त्याच्यात?" तात्यांनी विचारलं.

गौरेशने मोबाईल पालथा ठेवला.

सुपारीचे तुकडे पडत राहिले.

"तो कोणाक बरो दिसता काय," गौरेश हळू म्हणाला, "ह्याची त्याका फिकीरच नाय."

तात्या उठले. आतून संकासुराचा वेश आणला आणि त्याच्या मांडीवर टाकला.

"घाल."

"आत्ता? वयनींसमोर?"

"वयनी आसत म्हणानच घाल."

तोंड वाकडं करत त्याने वेश चढवला. मुखवटा बांधला. सवयीने भिंतीवरच्या आरशाकडे वळला… आरशात नुसतं काळं.

तो तसाच उभा राहिला.

मग ती लाल जीभ हलली आणि "ब्बॅऽऽ!" करून तो माझ्या अंगावर धावला.

आत गौरेश आहे, मला ठाऊक होतं. लहानपणी ह्याला मी मांडीवर घेऊन पेज भरवलीय. तरी माझी किंकाळी रस्त्यापर्यंत गेली! मी तुळशीभोवती पळतेय, एक चप्पल इकडे, एक तिकडे, आणि तो मागे.

"राणीसरकार! वेद खंय लपवलास? कढीपत्त्यात?"

खराटा तलवारीसारखा फिरवला. कोंबड्याला प्रधान केलं, आणि सल्ला पटला नाही म्हणून त्याला तिथल्या तिथे काढूनही टाकलं. रामाच्या कामात त्याचा आवाज बोलता बोलता स्वतःलाच ऐकत असायचा. हा आवाज तसला नव्हता. रस्त्यावरून जाणारी माणसं कुंपणाशी थांबली. "कोण रे हो?" एकमेकांना विचारू लागली. मी पोट धरून पायरीवर बसले.

तात्या पंच्याने डोळे पुसत होते.

"पुरे. काढ आता."

"थांबा हो जरा!" मुखवट्यातून आवाज आला. "तात्या, जत्रेत ह्याच काम माझा. राम कोणाकय द्या!"

तात्यांनी जवळ जाऊन मुखवटा वर उचलला. आत गौरेश घामाने निथळत होता. केस विस्कटलेले, ते सारखे करायचं भानच नाही, हसू आवरत नव्हतं.

तात्या त्याच्याकडे बघत राहिले…

"आता राम तूच कर."