शिंगाची मुरकी

फार जुन्या काळी एका डोंगररांगेवर टेकडी-टेकडीला एकेक वस्ती होती. तिथे राजा नव्हता, पाटील नव्हता, हुकूम सोडणारं कुणीच नव्हतं. होतं ते प्रत्येक टेकडीवर एक शिंग. दिवस कलला की एकेक वस्ती शिंग फुंकून आपली खबर कळवायची. एक लांब फुंक म्हणजे खुशाली. तीन लांब फुंका म्हणजे धावा, संकट आहे! कुठल्या टेकडीची खबर ते कळावं म्हणून प्रत्येकीची एक खूणही ठरलेली होती.

पण सगळ्यांचं सगळ्यांना कुठलं ऐकू जायला? मध्ये कडे, दऱ्या. म्हणून रोज एक टेकडी ‘मधली’ व्हायची. ती सगळ्यांचं ऐकायची आणि सगळ्यांना सांगायची. वारं जिच्याकडे वाहील आणि जिच्या शिंगवाल्याची छाती ताजी असेल, ती त्या दिवसाची मधली. आज ही, उद्या ती. थकलेला शिंगवाला दोन आखूड फुंका मारायचा, म्हणजे ‘आज तू हो, मी नुसता ऐकतो’. यात कसला कमीपणा नव्हता. मात्र एक रीत होती. मधल्याने आपण होऊनच बाजूला व्हायचं, कुणी त्याला हटवायचं नाही. आणि मधला सांगेल तीच खबर खरी धरायची.

यातल्या एका टेकडीवर एक म्हातारा शिंगवाला होता. सगळे त्याला तात्या म्हणत. तात्यांना एकच लेक, सगुणा. बिनआईची पोर. तिला शिंग फुंकायलाही त्यांनीच शिकवलं. फुंक संपताना ती शेवटी एक बारीकशी मुरकी घ्यायची. तात्या रागवायचे, “अगं, खबर सांगतेस की गाणं म्हणतेस?” आणि मग स्वतःच हसायचे.

सगुणा लग्न होऊन रांगेच्या पार टोकाच्या टेकडीवर गेली आणि तिथलं शिंग तिच्याकडे आलं. मध्ये दोन खोल दऱ्या, आणि तात्यांचे गुडघे तर उंबरा ओलांडताना कुरकुरायचे. भेट कसली होतेय! पण शिंग फुंकायचं ते मधल्याकडे तोंड करून, त्यामुळे तात्या मधले असले की तिचं शिंग थेट त्यांच्या कानी यायचं. दुसरा कुणी मधला असला, तर त्याच्या शिंगातून नुसतं कळायचं, टोकाची टेकडी खुशाल. त्या कोरड्या खुशालीत मुरकी नसायची. लेकीचा श्वास नसायचा.

म्हणून तात्या मधलेपण सोडीनात. वारं उलटं असो, खोकल्याने छाती भरलेली असो, सगळ्यांच्या आधी त्यांचंच शिंग पुढे. लोकही भिडेपोटी गप्प बसत.

शेजारच्या टेकडीचं शिंग कोंडाई नावाच्या गवळणीकडे होतं. बाई तोंडाची फटकळ. एकदा ताक घेऊन आली तेव्हा म्हणालीच, “तात्या, वारं हल्ली माझ्या बाजूला असतंय. आठवडाभर टेका की जरा.”

“का गं? माझे कान गेले म्हणतेस?”

“कान नाही गेले. कान एकाच ठिकाणी जाऊन बसलेत.”

तात्यांना राग आला. खरं तेच बोलली होती ना, मग येणारच! त्यांनी ताक तसंच ठेवलं आणि तोंड फिरवून बसले.

उन्हाळा भरात आला. गवत वाळून कडकडीत झालं. एका संध्याकाळी वारं सगळं कोंडाईच्या टेकडीकडे वाहत होतं, तरी तात्याच मधले. ते कानाशी हात धरून उभे राहिले. किती वेळ काहीच येईना. जीव नुसता कासावीस झाला. आणि मग अगदी पुसट, शेवटी शेवटी, मुरकी!

“आली गं बाय माझी,” तात्या पुटपुटले. डोळे भरून आले. त्यांनी शिंग उचललं आणि साऱ्या डोंगराला कळवून टाकलं, टोकाची टेकडी खुशाल.

टेकड्या-टेकड्यांवर लोक निवांत झाले. चुली पेटल्या. तेवढ्यात कोंडाई धापा टाकत चढून आली.

“तात्या, काय कळवलंत हे! तीन फुंका होत्या! मी नीट ऐकल्या, तीन!”

“मुरकी होती. मी ऐकली.”

“तिसरीच्या शेवटी होती! तात्या, पोर तिकडे संकटात आहे हो!”

आता कुठे तात्यांना उमगलं. सगुणाने हाक मारली होती. घाबरलेल्या जिवानेही शेवटी बापासाठी मुरकी घेतली होती. आणि बापाने तेवढीच ऐकली होती.

त्यांनी शिंग तोंडाला लावलं आणि दोन आखूड फुंका मारल्या. आज तू हो.

कोंडाई उतारावरून धावतच सुटली. आपल्या टेकडीवर पोचली आणि तिने तीन लांब फुंका मारल्या, मग टोकाच्या टेकडीची खूण. उन्हाळ्यातलं संकट म्हणजे आगच, हे ओळखून माणसं ती झोडपायला हिरव्या फांद्या घेऊन धावली. वणवा होता. उशीर झाला होता. गोठे गेले, सगुणाचं घर गेलं. माणसं तेवढी वाचली. सगुणाच्या छातीत मात्र इतका धूर गेला, की तिचं शिंग मुकं झालं.

त्यानंतर तात्या उलट्या वाऱ्याला कधी मधले झाले नाहीत. त्यांच्या टेकडीखाली, खोलगट जागेत एक लहान वस्ती होती. तिला कुणाचंच शिंग ऐकू जात नसे. तात्यांनी ते काम घेतलं. मधल्याची खबर ऐकायची आणि खाली पोचवायची. त्यांच्या थकल्या छातीला तेवढं झेपत होतं. पण रोज खबर फुंकून झाली, की ते टोकाच्या टेकडीकडे बघत बसायचे. तिथलं शिंग आता दुसरं कुणी फुंकायचं. मुरकीवाचून संध्याकाळ खायला उठायची.

पावसाळा गेला. थंडी पडली. एका संध्याकाळी मधलेपण तिसऱ्याच दूरच्या टेकडीवर होतं. तिथून कोंडाईला खबर आली आणि कोंडाईने ती तात्यांसाठी फुंकली. टोकाची टेकडी खुशाल. आणि शेवटी, वाकडीतिकडी, अडखळणारी, गवळणीच्या दणकट छातीला मुळीच न शोभणारी मुरकी.

तात्या ताडकन उठले. गुडघे कुरकुरायचेच विसरले. सगुणाने पुन्हा शिंग धरलं होतं! तिची मुरकी दूरच्या त्या शिंगवाल्याने जशी जमेल तशी घेतली होती, त्याच्याकडून कोंडाईने घेतली होती, वाटेत कुणी ती गाळली नव्हती.

म्हातारा ओक्साबोक्शी रडला. मग डोळे पुसून त्याने शिंग उचललं आणि खालच्या वस्तीला खबर दिली, मुरकीसकट.

तात्पर्य एवढंच घ्या: ज्याला त्या वेळी नीट ऐकू येतं, त्याला मधली जागा द्यावी. आपल्या माणसाची हाक आपल्याच कानी आधी पडली पाहिजे असं नाही, ती पोचली पाहिजे.