टक् झालं की थांबायचं

अवजारांना स्वतःची मतं होती आणि ती एकमेकांना ऐकवायचीही सोय होती, त्या काळची गोष्ट.

एका जुन्या मोटारीला घाटात धाप लागायची. तिला भंगारात काढायची बोलणी सुरू झाली, तशी पेटीतली अवजारं म्हणाली, "मेकॅनिक कशाला? इंजिनाला नवं, दमदार हेड, म्हणजे वरचं झाकण, आपणच बसवू." आधी कुणीच बसवलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

बोल्ट आवळायचं काम नव्या पान्याकडे आलं. ठरलेला जोर भरला की तो आपोआप 'टक्' म्हणायचा. सात बोल्ट नीट बसले. आठव्यालाही टक् झालं.

"दादा, झालं की," बोल्ट म्हणाला.

"अर्धा फेरा अजून. चढावर सुटलास तर?"

"पण टक् तूच म्हणालास ना?"

"म्हणालो रे. माझ्यावर माझा कुठे विश्वास आहे!"

त्याने अर्धा फेरा दिला, वर आणखी पाव. बोल्ट एकदम हलका फिरायला लागला.

"बघ, आता किती सहज फिरतोस!"

"फिरणारच. आटे गेले सगळे."

मोटार आठ दिवस उघडी पडली. शेवटी टॅपमामांनी येऊन भोकात नवे आटे पाडले. 

जाडसर नवा बोल्ट आला. टक् झालं. पाना थांबला आणि धावत पेटीत शिरला.

"पकडबाई, बाहेरून कडी लावा. मोटार घाट चढून येईपर्यंत काढू नका."

मोटार दिमाखात घाट चढून आली. पकडबाईंनी कडी काढली.

आतून हळूच आवाज आला, "एकदा नुसतं बघून येऊ?"

पकडबाईंनी कडी परत लावली.