झिपरूनं बांधलेलं घुमटाचं घर

तापीकाठच्या एका गावात झिपरू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. अंगानं दांडगा, मनानं सरळ. सांगितलेलं काम तो टाळायचा नाही. सांगितलेलं विसरायचाही नाही. काही नवीन शिकला की खांद्यावरच्या पंच्याला एक गाठ मारायचा. लोकांना त्रास व्हायचा तो गाठ मारल्यानंतर.

झिपरूचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली. उन्हाळ्यात आत बसलेला माणूस उठून उन्हात गारव्याला जाऊन बसे. बायको कौतिक बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिला मुलगी झाली. झिपरू बर्फी घेऊन दोघींना आणायला गेला. सासरे सुपडू आप्पा ओट्यावरच बसले होते.

आप्पा म्हणाले, "जावई, त्या पत्र्याखाली माझी नात भाजून निघेल. आधी गार घर बांधा. मग लेकीला पाठवतो."

कौतिक बाळाला मांडीवर घेऊन आत बसली होती. तिनं वडिलांना अडवलं नाही. झिपरूनं लेकीच्या एवढ्याशा मुठीला बोट लावून पाहिलं, बर्फी ठेवली आणि तो परत आला.

विटा-सिमेंटचं घर त्याला झेपणारं नव्हतं. पण शेजारच्या गावात द्वारकाबाई नावाच्या गवंडी होत्या. त्या पोत्यांची घरं बांधायच्या. खताची रिकामी पोती घ्यायची, जागेवरचीच माती त्यांत भरायची, तोंडं शिवायची आणि पोत्यांचे गोल फेरे एकावर एक चढवायचे. वरचा फेरा खालच्यापेक्षा जरा लहान. असं करत करत घर वर जाऊन मिटतं. पालथ्या टोपलीसारखं दिसतं. लोखंड नको, भट्टीतल्या विटा नकोत, आणि भिंत हातभर जाड, त्यामुळे आत गार.

"बांधून देते," द्वारकाबाई म्हणाल्या, "पण हाताखाली तू राबायचं. मी सांगेन तसंच करायचं."

"तसंच करीन," झिपरू म्हणाला.

बाईंना बरं वाटलं. त्या त्याला अजून ओळखत नव्हत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी माती पारखायला शिकवलं. "ओलसर मातीचा मुठीत दाबून गोळा करायचा. कमरेच्या उंचीवरून सोडायचा. भुगा झाला तर माती कोरडी. तसाच बसला तर फार ओली. दोन-तीन तुकडे झाले की समजायचं, माल चांगला."

झिपरूनं पंच्याला गाठ मारली. दुपारपर्यंत त्यानं माती अगदी बरोबर पारखली. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "आता प्यायच्या पाण्याला एक माठ घेऊन ये. पारखून आण."

झिपरू बळीराम कुंभाराकडे गेला. एक माठ उचलला, कमरेपर्यंत नेला आणि सोडला. माठाच्या ठिकऱ्या झाल्या.

"फार कोरडा," झिपरू म्हणाला.

बळीराम चाक सोडून उठेपर्यंत त्यानं दुसरा सोडला. तोही तसाच गेला. तिसऱ्याचे मात्र तीन सरळ तुकडे झाले.

"हा चांगला निघाला," झिपरू म्हणाला. "हाच बांधून द्या."

बळीरामनं राहिलेल्या माठांपुढे हात आडवे केले. "अरे बाबा, असं पारखतात का? माठ कानाशी धरायचा. बोटानं टिचकी मारायची. आवाज ऐकायचा. मग तान्ह्या लेकरासारखा अलगद खाली ठेवायचा. आपटायचा नाही."

झिपरूनं दुसरी गाठ मारली. बळीरामनं एक धड माठ त्याच्या हातात दिला, तो लवकर जावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी भिंत सुरू झाली. द्वारकाबाईंनी त्याच्यापुढे भरलेली पोती ठेवली आणि माती ठोकायचा जड धुमस हातात दिला. "हा फेरा लाव. मी दाराची चौकट बघून येते."

झिपरूनं धुमस बाजूला ठेवला. पोत्याला कान लावला. टिचकी मारली. काहीच वाजलं नाही. मग पोतं दोन्ही हातांत घेऊन अलगद खाली ठेवलं आणि वरून थोपटलं. एक झालं की दुसरं. थोपटता थोपटता त्याला लेकीची आठवण आली, म्हणून त्यानं थोडं गुणगुणूनही पाहिलं.

बाई परत आल्या. भिंत कशी झाली ते बघायला तिच्यावर चढल्या. पोतं त्यांच्यासकट घरंगळलं. बाई मातीच्या ढिगात बसल्या.

"हळू बोला," झिपरू म्हणाला. "आत्ताच ठेवलंय."

बाई अजून बोलल्याच नव्हत्या. आता बोलल्या. "पोत्याची दया करायची नाही, झिपरू. पोतं आलं की जमिनीवर ठेवायचं. धुमसानं हाणून सपाट करायचं. वर काटेरी तार टाकायची, म्हणजे त्याच्यावरचं सरकत नाही. पोतं कुठलंही असो, तार टाकल्याशिवाय सोडायचं नाही."

झिपरूनं तिसरी गाठ मारली. त्यानंतर काम झकास चाललं. दोन फेरे सरळ बसले. एवढ्यात सुपडू आप्पा घर बघायला आले. डोक्यावर पोतं होतं. सासूबाईंनी बाळंतपणाच्या गडबडीतही जावयासाठी बिबडे केले होते. ज्वारीचे पातळ, मोठे, वाळवलेले पापड. ते फुटू नयेत म्हणून आप्पा बैलगाडीत न बसता चालत आले होते.

"जावई, हे जरा धरा," आप्पा म्हणाले, आणि तोंड धुवायला माठाकडे गेले.

झिपरूनं पोतं जमिनीवर ठेवलं आणि धुमस उचलला.

आप्पांनी पाठीमागं आवाज ऐकला. त्यांना वाटलं, बांधकाम चालू आहे. ते खरंच होतं. तोंड पुसत ते परतले तेव्हा पोतं चटईसारखं सपाट झालं होतं आणि झिपरू त्यावर काटेरी तार अंथरत होता.

"आता सरकणार नाही, आप्पा."

आप्पांनी पोत्याकडे पाहिलं. मग जावयाशी बोलायचं म्हणून शांतपणे बोलले. "जावई, पोतं हाती आलं की आधी त्याचं तोंड सोडावं. आत काय आहे ते बघावं. मगच पुढचं करावं."

"प्रत्येक पोत्याचं?"

"प्रत्येक."

झिपरूनं चौथी गाठ मारली. आप्पा घरी गेले. सासूबाईंना त्यांनी बिबडे पोचले एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई आल्या तेव्हा भिंत नव्हती. मातीचा गोल ढीग होता. झिपरू रिकामी पोती झटकत उभा होता.

"हे काय?"

"तोंडं सोडून बघितली."

"मग काय निघालं आत?"

"सगळ्यांत मातीच आहे, बाई. मला आधीपासून शंका होतीच."

बाई ढिगावर बसल्या. या वेळी स्वतःहून बसल्या. "नीट ऐक," त्या म्हणाल्या. "एकदा बंद केलेलं तोंड पुन्हा उघडायचं नाही. कोणी कितीही सांगू दे. तुझे आप्पा सांगोत, गाव सांगो. उद्या मी स्वतः येऊन सांगितलं, तरी उघडायचं नाही."

झिपरूनं पाचवी गाठ मारली. पक्की मारली.

मग मात्र काही बिघडलं नाही. झिपरूनं पोती पुन्हा भरली, शिवली, ठोकली. घर छातीपर्यंत आलं, डोक्याच्या वर गेलं. दारावर कमान चढवायची वेळ आली, तशी बाईंनी सांगितलं, "दाराचं तोंड सध्या पोत्यांनी भरून टाक. कमानीला खालून आधार पाहिजे. तू आतून भर, मी वरून कमान लावते. वर मिटेपर्यंत आतच थांब. मधल्या खुंटीची दोरी फिरवत राहा, म्हणजे फेरा वाकडा जाणार नाही."

झिपरूनं आतून दार भरलं. पोतं ठेवलं, ठोकलं, वर तार टाकली. पुन्हा पोतं, पुन्हा तार. आणि दोरी फिरवत राहिला. शेवटचं पोतं बसलं आणि वरचं आभाळ मिटलं. भिंतीत एक लहानसा झरोका तेवढा उजेडाला होता.

बाई खाली उतरल्या. लांबच्या गावी त्यांचं दुसरं काम खोळंबलं होतं. त्यांनी झरोक्यातून हाक मारली, "झिपरू, घर झालं. आता दारातली पोती काढ आणि बाहेर ये. कौतिकला निरोप धाडलाय." एवढं बोलून त्या गेल्या.

झिपरू आत हसला. बाई आपली परीक्षा बघतायत, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

निरोप मिळताच कौतिक निघाली. बाळ कुशीत, बरोबर आप्पा. गावालगतच्या रानात तिचं घर उभं होतं. गोल, मातीच्या रंगाचं, ऊन झेलत. कौतिकनं भिंतीला गाल लावला. गार होती. तिचे डोळे भरून आले. मग ती घराला एक फेरी मारून आली.

"अहो," तिनं हाक मारली, "दार कुठंय?"

"तुझ्यासमोरच," आतून आवाज आला. "बंद आहे."

"मग उघडा की."

"बंद केलेलं तोंड उघडायचं नाही. बाईंनी सांगितलंय."

आप्पा झरोक्याशी आले. "जावई, पोती काढा म्हणून बाईंनी सांगितलं नाही का?"

"सांगितलंय. पण त्यांनीच सांगितलंय की त्यांनी सांगितलं तरी उघडायचं नाही."

आप्पांनी बाहेरून एक पोतं ओढून पाहिलं. मग शेजाऱ्यांना बोलावून ओढलं. तारेत रुतलेलं पोतं जागचं हललं नाही.

"घट्ट बसलंय ना?" झिपरूनं आतून विचारलं. त्याला बरं वाटत होतं.

"पण तुम्ही आत गेलात कसे?" कौतिक म्हणाली.

"गेलो कुठं? मी आतच होतो. घर नंतर आलं."

आप्पांनी काठी उचलली आणि ते द्वारकाबाईंना शोधायला निघाले. बाळ उन्हानं रडायला लागलं. कौतिकला प्रवासाचा शीण होता आणि डोकं ठणकत होतं. तिनं झरोक्यातून एवढंच सांगितलं, "मला बाकीचं काही कळत नाही. जसे आत गेलात, तसेच बाहेर या." आणि ती बाळाला घेऊन गावात शेजारच्या शेवंताबाईकडे जाऊन पडली.

झिपरूनं विचार केला. आत आलो तेव्हा घर नव्हतं. त्यानं पंच्याला गाठ मारली.

आप्पांना द्वारकाबाई भेटायला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर दोघं आले. कौतिकही बाळाला घेऊन आली. तिघं बांधावर चढली आणि तिथंच उभी राहिली.

घुमट नव्हता. पोती मात्र वरपासून एकेक उतरवून एका बाजूला नीट रचून ठेवली होती. एकाचंही तोंड सोडलेलं नव्हतं. रानाच्या मधोमध दाराची चौकट उभी होती, वर कमान, आत ठोकून बसवलेली पोती, प्रत्येकावर काटेरी तार. तेवढं जसंच्या तसं होतं.

झिपरू त्या दाराला वळसा घालून बाहेर आला. हात तारेनं ओरबाडले होते. डोक्यापासून पायापर्यंत माती होती. त्यानं लेकीला पाहिलं आणि त्याचं तोंड फुललं.

"आलो," तो म्हणाला. "जसा गेलो होतो तसाच. दाराला हातही लावला नाही."

द्वारकाबाई खाली बसल्या.

"उन्हात काय उभी राहिलीस, कौतिक?" झिपरू म्हणाला. "लेकराला घेऊन आत चल."

कौतिकनं समोर पाहिलं. "कुठून येऊ?" तिनं विचारलं.

झिपरूनं मागं वळून नीट बघून घेतलं.

"दार तेवढं बंद आहे," तो म्हणाला. "बाकी कुठूनही ये."