तळघरातले तीन वाल्ड्रिक

एका राज्यात, बर्फाळ डोंगरांच्या पल्याड, गादीवर बसेल त्याचं नाव वाल्ड्रिकच असे. पणजोबा वाल्ड्रिक, आजोबा वाल्ड्रिक, बाप वाल्ड्रिक. तिघेही तळघरातल्या थडग्यांत निजले होते. आणि चौथा, गादीवर बसायचा वाल्ड्रिक, पायांकडून दगड होत चालला होता.

त्याचं असं झालं. तिघांपैकी एकाने नदीकाठच्या जादूगारणीला वचन दिलं, की तुझं रान तुला परत देईन. दिलं नाही. तिने शाप दिला, "मोडणारा स्वतःच्या तोंडाने कबूल झाला नाही, तर तुमचा चौथा दगड होईल." मोडलं कुणी, असं विचारलं की ती म्हणे, "वाल्ड्रिकने."

राजपुरोहित तळघरात हाक मारी, "वाल्ड्रिक महाराज!" तिन्ही थडगी एकदम उघडत. तिघे उठून एकमेकांकडे बोट दाखवीत आणि पुन्हा आडवे होत. जिवंतपणीची खोड मेल्यावरही सुटली नव्हती.

दगड गुडघ्यापर्यंत आला, तेव्हा खिडकीत बसलेला एक डोमकावळा युवराजाला म्हणाला, "बाजारात तिघांना वेगवेगळी नावं आहेत. त्या नावांनी हाक मार, एकेक उठेल. एकट्या सापडलेल्या मेलेल्याला खोटं बोलता येत नाही." आणि नावं सांगितली.

पुरोहित हादरला. "युवराज, थोरांना असं हाकारणं पाप आहे!"

"आणि मला दगड करणं?"

शिपायांनी युवराजाला उचलून तळघरात नेलं.

"टकल्या वाल्ड्रिक!"

बाप एकटाच उठला, मुकुट सावरत. "वचन मी मोडलं नाही. ठाऊक मात्र होतं."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"घराण्याची शोभा झाली असती."

दगड कमरेला आला.

"ढेरपोट्या वाल्ड्रिक!"

आजोबा ढेकर देत उठले. "मीही नाही. त्या रानातली हरणं तेवढी खाल्ली."

दगड छातीला भिडला. उरले पणजोबा. चौकात त्यांचा घोड्यावरचा पुतळा होता. लहानपणी युवराज रोज त्याला मुजरा करी. घराण्यात मानलं असेल तर या एकालाच. मग त्याने डोळे मिटले.

"पळपुट्या वाल्ड्रिक!"

"कोण रे तू?"

"तुमचा पणतू."

म्हातारा खाली बघू लागला. "लढाईतून पळालो, तेव्हा त्या जादूगारणीनेच मला रानात लपवलं. पुढे रान ठेवून घेतलं ते तुम्हा पोरांसाठीच."

"आमच्यावर ढकलू नका, पणजोबा. वचन मोडलंत? हो की नाही?"

दगड गळ्याशी आला.

"हो," म्हातारा म्हणाला.

दगड गारांसारखा खळाखळा गळून पडला.

त्याच दिवशी रान परत गेलं. राज्याभिषेकानंतर नव्या राजाने डोमकावळ्याला विचारलं, "बाजारात मला काय म्हणतात?"

"ठरलं नाही अजून. बघतायत."

राजा उठला आणि स्वतःच्या पायांनी बाजाराकडे निघाला. त्याचे पाय जसे सुटले, तसे ऐकणाऱ्यांचेही सुटोत.