नारळाएवढा शंख

फार मागे, किनाऱ्यावर माणसाचं पाऊलही उमटलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. शंखात राहणारे खेकडे वाढले की एकच माप मोठा शंख घेत आणि जुना आपल्याहून लहान खेकड्याला देत. बाबल्या खेकड्यानं मात्र थेट नारळाएवढा शंख घेतला. तोही कासवआजोबांकडून हप्त्यानं, रोज निम्मा घास द्यायच्या बोलीवर.

"अरे, ओढणार कसा?" शिंपलीमावशीनं विचारलं.

"मावशी, रुबाब बघा रुबाब!"

ओहोटी लागली. सगळे खेकडे खायला पळाले. बाबल्यानं खूप जोर लावला, पण शंख तसूभरही हलेना.

सांजेला आजोबा घास मागायला आले. "बाबल्या, आहेस का घरात?"

"सकाळपासून घरातच आहे, आजोबा!" आतून उपाशी आवाज आला. "हा परत घ्या आणि माझ्या मापाचा एखादा बघा."