शिगोशीग माप

माळाच्या कडेला, जांभळाच्या ढोलीत एक खार आपल्या पिल्लांसह राहत असे. ती कष्टाळू होती आणि तितकीच तापट. त्याच माळावर एका कोल्ह्याने जातं मांडलं होतं. मजुरी म्हणून तो काही घेत नसे. मापटंभर ज्वारी ओतून घ्यायची आणि त्याच मापट्याने शिगोशीग पीठ मोजून द्यायचं, असा त्याचा रिवाज. वर म्हणायचा, "दळताना थोडं उडतंच, पण मी पदरचं घालून माप भरतो." सारं रान त्याचे गोडवे गाई.

खारीच्या घरी मात्र पीठ पुरत नसे. पिल्लं अर्धपोटी निजत. पीठ चोरून खातोस म्हणून तिने थोरल्याला एकदा चांगलं बदडलंही होतं. एके दिवशी दळण घेऊन परतताना तिने वाटेतला ओढा एका उडीत ओलांडला आणि ती थबकली. जाताना याच ओढ्याशी ओझं उतरवून ती धापा टाकत बसली होती. माप तेच, टोपली तीच, मग परतताना ओझं हलकं कसं? मुलांनो, दाणा भरडला की त्याचं पीठ फुगतं, जास्त जागा अडवतं. मापटंभर ज्वारीचं पीठ मापट्यात मावतच नाही. हे लक्षात आलं तशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरल्याच्या पाठीवरचे वळ तिला आठवले.

घरी जाऊन मापटंभर ज्वारी आणि दळून आणलेलं पीठ घेऊन ती तशीच जात्याशी परतली. दळणाला आलेल्यांची तिथे गर्दी होती. तिने एका द्रोणात ज्वारी ओतली, दुसऱ्यात मापटंभर पीठ, आणि दोन्ही द्रोण एका काठीच्या टोकांना बांधून काठी मधोमध टांगली. ज्वारीचा द्रोण खाली गेला, पिठाचा वर.

"माप तर भरलंय, बाई. उगाच का भांडतेस?" म्हातारं अस्वल म्हणालं.

"माप भरलंय, अस्वलदादा. माझ्या पिल्लांची पोटं भरली नाहीत," खार कडाडली. "कोल्होबा, उरलेलं पीठ कुठे गेलं?"

"दळताना उडालं," कोल्हा म्हणाला.

"मग तुम्ही पदरचं घालत होतात, ते कुठे गेलं?"

कोल्हा हळूच जात्यामागच्या आपल्या बिळाच्या तोंडाशी सरकला. खार त्याला चुकवून बिळात शिरली आणि पिठाने पांढरीफटक होऊन बाहेर आली. आत पिठाचा ढीगच्या ढीग होता. मग ज्याने त्याने मापटंभर ज्वारी आणि कोल्ह्याने दिलेलं मापटंभर पीठ तोललं, आणि काठी आडवी होईपर्यंत ढिगातलं पीठ घातलं. बीळ रिकामं झालं.

"आणि माझ्या मेहनतीचं काय?" कोल्हा कुरकुरला.

"मजुरी उघड मागितली असतीस, तर हसत दिली असती," खार म्हणाली. आता ती त्याला अहोजाहो करत नव्हती. जात्याशेजारी कोंडा पडला होता. तिने त्याचंच मापटं भरलं, वर शीग चढवली आणि त्याच्यापुढे आदळलं. "घे. माप भरलंय ना?"

त्या दिवशी पहिली भाकरी तिने थोरल्याला वाढली. कोल्ह्यावरचा राग पुढे कधीतरी निवळला, स्वतःवरचा मात्र बरेच दिवस गेला नाही.

तात्पर्य : माप भरलेलं दिसलं म्हणून व्यवहार सरळ समजू नये, वस्तूचं रूप बदललं की तिचं वजन पाहावं, आणि घरच्यांवर हात उगारण्याआधी तर नक्कीच पाहावं.